शेऱ्याचा रकाना

आराखड्यात गट क्रमांक एकशे सत्तेचाळीस
पिवळट हिरवा. खाली लिहिलंय: झुडपी जंगल.
म्हणजे जंगल नाही, शेतही नाही,
सरकारला नाव सुचेना तेव्हा दिलेलं नाव.

माझ्याकडे तक्ता. मोह अमुक, तेंदू अमुक,
चारा इतका, झिरपणारं पाणी
दर हेक्टरी, दशांशासकट.
समोरच्या रकान्यात गोदाम:
एकशे दहा नोकऱ्या, रस्ता, कर.

सभेत अंकुश कुंभरे उठला,
आयटीआय झालेला, तीन वर्षं चाकणला कंत्राटी.
"साहेब, सारस पाहायला लोक गाडी करून येतात,
मला घरी यायला रजा भेटत नाही.
माझा भारांक किती?"
मी तक्ता उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी.

दुपारी बोडीवर मासे काढून झाले होते.
ढिवरांकडे तराजू आहे,
पण वाटे पाडताना तो झाडाला टांगलेलाच राहतो.
सोळा घरं. पळसाच्या पानांवर सतरा ढिगल्या,
मरळ, दाडक, बोटरी.
रायवंताबाई एक बोटरी इकडून उचलते, तिकडे ठेवते,
मान तिरकी करून बघते, पुन्हा परत.
मग एक पोरगी सगळ्यांकडे पाठ करून उभी राहते.

"हा कोनाचा?"
"तानबाचा."
"आन् हा?"
"पार्बताचा."

वाटे पाडणाऱ्या हातालाच ठाऊक नसतं
आपला कुठला.

सतरावा कोणाचा, मी विचारलं.
"बोडीचा. जित्ते रायतेत त्याच्यात, वापस सोडतो."
दरवर्षी?
ती पदराला हात पुसत राहिली.
"गेल्या साली पानीच नोयतं.
सतरावा आमीच खाल्ला जी.
मून यंदा त्याच्यात मरळ जास्त."

परतीच्या एस्टीत मांडीवर नकाशा उलगडला.
हा रंग कोणाचा, तो कोणाचा,
मी विचारत गेलो, मीच सांगत गेलो.
पाठ कोणाकडेच केलेली नव्हती.
माझा वाटा नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर,
नळाला चोवीस तास पाणी,
आधीपासून ठाऊक असलेला.

शेऱ्याच्या रकान्यात दोन बोटं जागा.
अंकुशचं पूर्ण नाव लिहिलं,
त्याखाली: लाभार्थी कुटुंबं सोळा, वाटे सतरा.

आठवड्याने तक्ता परत आला.
लाल शाईत, साहेबांच्या सुरेख अक्षरात:
बेरीज जुळत नाही.
खुलासा करावा.