श्रेणी

विलेपार्ल्यात, रेशन दुकानाच्या वरच्या खोलीत
दर बुधवारी साडेसातला आधी पंखा जागा होतो, मग आम्ही.
कपाटात निळी वही, डोंगरवाटांची.
वाट, वेळ, श्रेणी, असे तीन रकाने.
अक्षर पाठारेकाकांचं,
उजवीकडे कललेलं, वाऱ्यात चालल्यासारखं.

सोपी. मध्यम. कठीण.
आणि एका ठिकाणी नुसतंच :
जाऊ नये. मी गेलो.

काका सहा फूट उंच होते.
हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही.

कान्हेरीच्या मागच्या अंगाला जो कातळ आहे,
आम्ही त्याला दाताड म्हणतो,
त्याच्यापुढे लिहिलंय : सोपी, पकडी भरपूर.
मी चार फूट दहा.
पहिल्या रविवारी टाचा उचलून, बोटं ताणून
त्या भरपूर पकडी शोधल्या.
होत्या.
माझ्या हातापासून वीतभर वर,
शेजारणीच्या घरातल्या दिव्यांसारख्या.

खाली दोर सांभाळत उभा आगासकर म्हणाला,
"सोपी आहे गं, वहीत बघ."
वही पार्ल्यात होती,
पोटऱ्या शिवणयंत्रासारख्या थडथडत होत्या,
आणि कोपरापाशी एक मुंगी
कुठलीही श्रेणी न विचारता वर चालली होती.

मग डावीकडे एक भेग दिसली.
काकांचा अंगठाही मावला नसता तिच्यात.
चार बोटं घातली, मनगट फिरवलं,
आणि वर गेले.

आता काका नाहीत. वही माझ्याकडे.
नवी पोरं विचारतात, मध्यम म्हणजे किती मध्यम?
मी विचारते, काल झोपलास किती?
बूट नवे की मळलेले?
पाणी किती घेणार? कुणाशी भांडून तर येणार नाहीस ना?
ती एकमेकांकडे बघतात.
त्यांना शब्द हवा असतो, एकच, रकान्यात मावणारा.
देते. दिल्यावर शनिवारी रात्री
पुन्हा उठून वही बघते.

काकांचं 'सोपी' मी खोडलं नाही.
ते खोटं नव्हतं, सहा फुटांचं होतं.
शेजारी पेन्सिलीने लिहिलं :
बुटक्यांसाठी डावीकडे भेग. चार बोटं मावतात.

गेल्या बुधवारी वही उघडली
तर त्याखाली हिरव्या स्केचपेनने,
ओळ सोडून, रकाना सोडून :
पाचही मावतात.
स्वानंदी, वय अकरा.