हिंगूळ

होटगी रोडला हलकुडेंच्या नव्या बंगल्यात
कळंत्री मॅडमनी कलर प्रिंट भिंतीला चिकटवली:
'दुडम, ही खोली. अश्शीच हवी. दोन हजार वर्षांपूर्वीची, इटलीतली.'

बघितलं. लाल भिंत, तिच्यात काळे पट्टे.
खांब आहेत, पण नाहीत.
संगमरवर आहे, तोही ब्रशनं काढलेला.
खिडकीतून समुद्र, आणि खिडकी मुळात नाहीच.
म्हणजे तेव्हाही मालक लोकांना
घर होतं त्याहून मोठं दिसायला हवं होतं.
इस्माईलला म्हटलं, धंदा जुना आहे बाबा आपला.

मॅडम सांगत होत्या:
गिलावा ओला असेपर्यंतच रंग लावायचा,
वाळला की भिंत घेत नाही.
आणि तो लाल, हिंगुळाचा, इतका महाग
की मालक स्वतः मोजून द्यायचा.
रंगारी मग ब्रश सारखा धुवायचे.
संध्याकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं,
तळाशी बसलेलं घरी न्यायचं.

मॅडम हसल्या. मीही हसलो, जरा उशिरा.

साखर पेठेतल्या डाय हाऊसमधून माझा बाप
कोपरापर्यंत लाल होऊन यायचा.
न्हाणीतलं पाणी गटारीपर्यंत लाल जायचं.
त्यातलं काही उरलं नाही,
आईचं एक पातळ सोडून,
जे त्यानं कधी, कोणाच्या रंगात बुडवून आणलं
आम्ही विचारलं नाही.

समुद्र मी पाहिलेला नाही.
कंबर तलाव पाहिलाय. तोच काढला, जलपर्णी वगळून.
हलकुडे मागे हात बांधून उभे.
'समुद्र हिरवा दिसालाय की ओ.'
'जुना आहे साहेब.'

प्रिंटवर खाली उजवीकडे हातभर जागा कोरी.
डोंगर फुटला त्या दिवशी तिथं काम चालू होतं, मॅडम म्हणाल्या,
चुना सांडला, माणसं पळाली.
ॲडव्हान्स मिळाला होता का त्यांना,
ते मॅडमना माहीत नाही.

मे महिना. चव्वेचाळीस.
रोलर टेकवावा तिथं रंग वाळतोय.
सगळी भिंत भरली, तेवढा कोपरा सोडला.
त्यावर चुन्याचा एक ओघळ काढला,
शून्य नंबरच्या ब्रशनं, दीड तास लावून,
सांडल्यासारखा.

हलकुडे म्हणाले, इथं राहिलंय की काम.
म्हटलं, नाही साहेब. फोटोत तसंच आहे.

ते वाकले,
आणि ओघळ बोटानं पुसून पाहिला.