डाव्या वळणाचा आवाज

मारुती एट हंड्रेड, सत्त्याण्णवची, पांढरी.
पांढरी आता फक्त आरसी बुकात.
मागच्या सीटला सुतळीनं बांधलेलं नायट्रोजनचं कॅन,
पुढं मी,
आणि आमच्या दोघांच्या मध्ये कुठंतरी
तो आवाज.

उजवीकडे वळताना काही नाही.
डावीकडे घेतली की आधी कर्र,
मग जरा थांबून, विचार केल्यासारखं,
टण्ण.

दवाखान्यातला शिपाई गोवर्धन म्हणाला, एक्सल गेला.
सासऱ्यांनी गाडी न बघताच सांगितलं, विका.
पंपावरच्या पोरानं टायरला लाथ मारली,
‘रॅक असन,’ म्हणाला.
मी यवतमाळला रॅकचा भाव विचारून आलो
आणि चार महिने
डावीकडे कमी वळलो.

मार्चात, तुरीचं कुटार रस्त्याभर उडत असताना
गाडी लावली लतीफ मिस्त्रीच्या निंबाखाली,
दारव्ह्याच्या टी-पॉइंटपुढं,
जिथली माती ऑइल पिऊन पिऊन कातडं झालीय.
लतीफ मिस्त्रीचा डावा कान गेलेला.
उजव्यानं, तो म्हणतो, कामापुरतं.

‘इंजन चालू नोका करू. धम्मपाल, आत बस.
स्टेरिंग फिरव. हळू बे!
म्हशीची मान फिरवतं तशी.’

तो खाली शिरला. टाय रॉड धरून पाहिला : नाही.
बॉल जॉइंटला टॉमी लावून उचकलं : नाही.
मग चाकाच्या वरून हात घातला कोपरापर्यंत,
स्प्रिंगला पंजा लावला,
आणि नजर सोडली पलीकडच्या बाभळीवर,
बाभूळ न बघता.

ती नजर मी ओळखली.
गाईच्या आत हात असताना
माझेही डोळे असेच कुठंतरी ठेवलेले असतात.

‘फिरून नाही रायली,’ तो म्हणाला, ‘पीळ खाऊन रायली.
अजून फिरव. अजून.’
टण्ण.
‘सोडलं.’

वरची बेअरिंग जाम.
‘स्टेरिंग म्हनते चाल, बेअरिंग म्हनते नाही,
मधात हे स्प्रिंग. ते कोनाले सांगन?’

बेअरिंग यवतमाळहून आली, दोनच्या एसटीत,
कंडक्टरच्या तिकिटाच्या पेटीवर बसून.
तोवर स्प्रिंग दोन आकड्यांत आवळलेली.
‘मांगं सरका साहेब, सुटली तं दात नेते.’
जुनी निघाली ती बेअरिंग नव्हतीच,
लाल चुरा, त्यात काही छर्रे.
धम्मपालनं ते रॉकेलात धुऊन खिशात टाकले.
नवीला ग्रीस फासलं बोटानं,
तान्ह्याच्या टाळूला तेल लावावं तेवढ्याच जोरानं.

‘साडेआठशे. रॅकचे किती सांगतले होते?’
मी आकडा कमी करून सांगितला.
तरी तो हसला.

परतताना टी-पॉइंटला उगाच
डावीकडे तीन चकरा मारल्या.
काही नाही.
पानठेल्यावरचे दोघं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी खरबडी.
शाळेजवळच्या हापशीपाशी डावीकडे वळलो, थांबलो.
खोड्यात गाय नाही.
ओट्यावर कोणी नाही.
कुत्रं गाडीखालच्या सावलीत येऊन झोपलं.
बऱ्याच वेळानं देवकाबाई ठोंबरे घागर घेऊन आल्या,
‘कवा आले बाप्पा? म्या म्हटलं आज येत नाही,
गाय सोडून देल्ली मंग चरायले.
जुनी इकली काय?’

हीच ती, मी म्हटलं.
त्यांनी घागर खाली ठेवली,
बोनटवर तळवा टेकवला.
‘मंग बोलत काऊन नाही?’

मी हॉर्न दाबला.
तो दिवाळीपासून बंद आहे
हे विसरलो होतो.

माज पहाटेचा होता, संध्याकाळपर्यंत चालतं.
तसं काही बिघडलं नव्हतं.
ओट्यावर बसलो.
पलीकडच्या घरातनं एक पोरगं येऊन विचारून गेलं,
डॉक्टर आले का म्हणून.