लिएपाया, पट क्रमांक नऊ

घड्याळं मीच लावते. नव्वद मिनिटं, चालीमागे तीस सेकंद.
समुद्राकडची खिडकी नीट लागत नाही,
म्हणून नवव्या पटावर बसायला कुणी तयार नसतं.
विस्वाल्डिस मात्र तो मागून घेतो.

टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं लावली त्याने.
अजून चाल खेळण्याआधी अंगठा जिभेवर ओला करतो,
तिकीट चिकटवायचं असल्यासारखा.

समोर उंडीने, वय बारा. पाय जमिनीला जेमतेम टेकतात.
राजापुढचं प्यादं, दोन घरं. त्याचंही.
तिचा घोडा बाहेर.
आणि मग हा माणूस उंटापुढचं प्यादं ढकलतो,
आपल्याच राजाच्या दाराची कडी काढून ठेवतो
या असल्या वाऱ्यात.

आमच्या देशाच्या नावाची ही सुरुवात,
आणि या दालनात ती खेळणारा हा एकटा.
दुसऱ्या पटावरचा रेनार्स उठून येतो, बघतो,
ओठ दाबून परत जातो.

तिचा घोडा प्यादं खातो. याचा वजीर बाहेर पडतो, फार लवकर,
कोट न घालता.
सहाव्या चालीला वजीर एक घर बाजूला सरकतो
आणि विस्वाल्डिस पेन खाली ठेवतो.

मला ठाऊक आहे.
कुल्डीगाच्या आर्नोल्ड्सशी हाच डाव कार्डांवर चालला होता,
एका चालीला तीन आठवडे.
सातवं कार्ड आलं नाही.
आलं ते बहिणीचं पत्र, काळ्या कडेचं.
तोवर याने अकरा उत्तरं लिहून ठेवली होती,
तो जे जे खेळू शकेल त्या प्रत्येकाला एक,
पत्ता घालून. फक्त तिकिटं लावायची राहिलेली.

मुलगी वेणीचं टोक चावते.
मग तिचंही उंटापुढचं प्यादं. एकच घर.
यंत्राकडून शिकलेली चाल, बरोबरच आहे.
तिने घड्याळ दाबलं न दाबलं, याचं उत्तर पटावर.
ती दचकून वर बघते, आणि पुढची एकोणीस मिनिटं
सरळ गोष्टीत खोट शोधत बसते.

तरी हरतोच तो. चौतिसाव्या चालीला, एक हत्ती कमी असताना.
सही करताना ती विचारते, आजोबा,
वाईट आहे माहीत असून हे का खेळता?
तो कोटाची बटणं लावतो, एक चुकवतो.
"पत्ता पाठ आहे ना," म्हणतो.

ती माझ्याकडे बघते. मी सोंगट्या गोळा करते.
पांढरं एक प्यादं कमी भरतं.
रेडिएटरखाली सापडतं, गरम.