दोन वायरी

अक्कलकोट रोडला इरय्या गड्डमच्या डाइंगमध्ये
बॉयलर गार. काटा चाळीसवर,
हौदातला लाल
गुलाबीपाशीच अडलेला.
"नवाच टाकायचा का?" इरय्या विचारतो,
खिशावर हात दाबून.

थांब म्हटलं.
भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं,
दोन वायरी सोडवून एकमेकींना टेकवल्या.
धड्‌ड. बर्नर पेटला.
म्हणजे बॉयलर शहाणा आहे,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कॉन्टॅक्टच्या फटीत
टॉवेलचं तूस, तिळाएवढं.
एक फुंकर.

वाफ चढली तशा नळ्या ठणठणल्या.
इरय्याची आई तेलुगूत काहीतरी बोलली,
सगळे माझ्याकडे बघून हसले.
मला त्यातलं एकच कळलं,
चहा.