डावा डोळा

पट्टी सुटली त्याला आठवडा झाला,
आणि मी निघालो येळ्ळूरच्या रस्त्याने,
काळा चष्मा खिशात.
घाला म्हणाले होते. घातला नाही.

उजवा डोळा अजून जुनाच आहे,
त्याच्यापुढे चहाच्या पाण्यात बुडवलेली मलमल.
डाव्यात नवं भिंग, करंगळीच्या नखाएवढं.
एक झाकायचा, एक उघडायचा,
मग उलट,
असा चाललेला म्हातारा बघून
मसूर उपटणाऱ्या बायका हसल्या.
हसू देत.

बळ्ळारी नाल्याच्या अलीकडे पळस.
उजव्याने बघितला: जुनं कौल.
डाव्याने बघितला
आणि रस्त्याच्या मधोमध उभाच राहिलो.
मागून ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवून कंटाळला,
वळसा घालून गेला.
पाकळीच्या पाठीला लव आहे हो,
आणि लवेवर चांदी,
आणि देठाशी मखमलीची काळी वाटी.
चाळीस वर्षं मी वडगावात सूत रंगवलं.
डाळिंबी, आमसुली, रामा, गुलबक्षी,
व्यापारी नाव सांगायचा, मी कढईत उतरवायचो.
आणि हे इथे, घरापासून दीड मैलावर,
दर शिमग्याला कुणी ऑर्डर न देता.

"काय बण्णगार, झाडाला डोळा मारालाय काय?"
ईराप्पा. सायकल हातात, दुधाची किटली.
पंधरा वर्षं माझ्या कढईखाली त्यानं जाळ घातला.

त्याला सांगितलं मी, काल घरी काय झालं ते.
अनसूयेनं चिंतामणी रंगाची साडी वाळत घातली होती,
मीच रंगवलेली, शेवटच्या वर्षी.
डाव्या डोळ्याने बघितली
तर चिंतामणी कुठला,
शाईची दौत सांडल्यासारखी निळी.
तिला विचारलं, तू बोलली नाहीस?
म्हणाली, मला वाटलं नवीन फॅशन.

म्हणजे मलमल तेव्हाच आली होती.
निळं दिसायचं नाही म्हणून चिमूट वाढवत गेलो.
मग बाकीच्या साड्या?
शेकड्याने गेल्या, शहापूरच्या दुकानांतून, लग्नांत,
कुणाच्या कुणाच्या अंगावर.
एकही परत आली नाही कशी?

ईराप्पानं सायकल पळसाला टेकवली.
किटलीचं झाकण उगीच घट्ट केलं.
"तू पुडी मोजून ठेवून विडी ओढायला जायचास.
मी निळ्यातली अर्धी काढून घ्यायचो."
किती वर्षं?
"तीन. चार असतील."
सांगायचं नाही?
"सांगून काय करू? तू कढईपुढं उभारलास की
देवापुढं उभारल्यासारखा उभारायचास."

आणि अनसूयेची?
"ती तू रविवारी केलास. मी गावाला गेलतो."

म्हणजे तेवढी एकच
पूर्ण माझी.

राग यायला हवा होता. आला असावा.
पण नाल्यापलीकडे आंब्याला पालवी फुटली होती
आणि वारा आला की ती सगळी उलटी व्हायची.
पुलाशी पिंपळ. तोही नवा.
पान इतकं पातळ की पलीकडचं ऊन मोजता यावं.
ईराप्पा म्हणाला, "केंपु."
मी म्हटलं, केंपु काय, तुला सगळंच केंपु.
हा ओल्या तांब्याचा आहे, त्यात दूध,
नाही, थांब, दूध नाही,
बाळाच्या टाचेचा रंग आहे,
नाही.

डावा झाकला. उजवा झाकला.
दोन्ही उघडे ठेवले
तर एकाच फांदीवर दोन पिंपळ
एकमेकांत शिरायला बघत होते.

ईराप्पानं सायकल सरळ केली.
"आठ दिवसांत हिरवं होतंय ते," म्हणाला.
"काय नाव ठेवायचं ते लवकर ठरीव."