कडता

फॉर्मवर वजनाचा रकाना होता.
मी बासष्ट लिहिलं.

सत्तावीस वर्षं दर्यापूरच्या जिनिंगमध्ये
काट्यावर बसलेली बाई मी.
गाडीवानाचा एक पाय काट्यावर राहिला तरी ओरडणारी,
ओलीचा, मातीचा, बारदानाचा कडता
ग्रॅमपर्यंत कापून पावतीवर लिहिणारी.
स्वतःचे नऊ किलो
सरळ गिळून टाकले.

वच्छी, माझी नणंद, बाकावर बसून.
मांडीवर माझी पर्स, साडीची घडी,
बांगड्या रुमालात.
माझ्या अंगात पुतणीची ट्रॅकपँट
आणि डोक्यावर हेल्मेट, त्याला
दुसऱ्याच कुणाच्या खोबरेल तेलाचा वास.
"पडशीन वं," ती म्हणाली. मग जरा थांबून,
"अंजनगावचे पानं आणले. उतरली का खाऊ."

चिखलदऱ्याच्या अलीकडे, टेकाडावरच्या वाळल्या गवतात
निळं-केशरी कापड पसरलेलं,
पंगतीवर मांडव ताणावा तशी
चार पोरं कोपरे धरून.
सानू मावस्कर माझ्या मागं उभा. पंचवीसचा असेल.
मांडीचा पट्टा, छातीचा पट्टा.
कडी खटकन लागली.
ओळखीचा आवाज.
हुकाला पोतं लागतं तेव्हा असाच येतो.

"बाई, म्या म्हनलं का धावा, तं धावजा.
थांबू नोका. बसू तं बिलकुलच नोका."

शेवटची कधी धावले होते?
एसटीमागं, बहुतेक. तीही मिळाली नव्हती.
चार पावलं जमिनीवर पडली,
पाचवं पडलंच नाही.
पाय मात्र बराच वेळ चालत राहिले,
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खाली साग, उभ्या उभ्या वाळलेला,
मधूनच मोहाची तांबूस पालवी.
एक ढाणा: कौलांच्या दोन ओळी समोरासमोर,
अंगणात वाळत घातलेली मोहफुलं
तळहाताएवढी पिवळी.
मग डोंगर एकदम संपतो
आणि वऱ्हाड सुरू होतं,
सपाट, धुरकट,
अचलपूरकडच्या संत्र्यांचे हिरवे चौकोन.
त्यापुढं कुठंतरी आमचं जिनिंग.
शोधलं मी. पत्रे चमकतात म्हणे.
दिसलं नाही.

एक घार आमच्याच उंचीवर आली.
मान वळवून एकदा पाहिलं तिनं,
मी नव्या गाडीकडे पाहते तसं,
आणि गेली.

तेव्हा मला राहवलं नाही.
"सानू, मी एकाहत्तर आहे."
"वाटत नाही, बाई."
"वजन रे!"
त्याचं हसू आधी माझ्या पाठीत आलं, मग कानात.
एकाच कापडाला टांगलेली माणसं,
एक हसलं की दोघं हलतात.
"मले मालूम व्हतं. पट्टा आवळतानीच समजते.
बाया कमी लिवतात, मानसं जास्त.
म्या आठ-दहा वरून धरूनच निंगतो."

वरून धरून.
इतक्या वर्षांत माझ्या काट्यावर
हा हिशेब कुणी केला नव्हता.
मीही नाही.

उतरलो कापलेल्या हरभऱ्याच्या शेतात.
बसू नका म्हटलेलं, तरी मी बसलेच,
घाट्यांच्या फोलपटांतून फरपटत.
बकऱ्या राखणारा म्हातारा जवळ आला.
"कोठून आल्या?"
"दर्यापूर."
त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडं.
"सडकंनं नाही आल्या," म्हणाला,
आणि बकऱ्यांमागं गेला.

सोमवारी सातला पहिली गाडी लागली.
काट्यावरचे लाल आकडे
ठरण्याआधी थोडे थरथरतात,
वर, खाली, पुन्हा वर.
रोज मी ओरडते, हलू नका म्हणून.
"ताई, लिहा ना," गाडीवान म्हणाला.
तोंडात पान होतं.
मी हातानंच सांगितलं,
थांब जरा.